न उघडलेलं पाकीट

पाकीट बघितलंत ना, असं बाईंनी मला जिन्यात विचारलं होतं आणि मी “हो, बघितलं” म्हणालो होतो. मी बघितलं नव्हतं. ते माझ्या टेबलाच्या खणात जसंच्या तसं पडलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बाईंबद्दल बरंच कौतुकानं लिहिणार आहे, आणि ते वाचून मी कुणी मोठ्या मनाचा माणूस आहे असा तुमचा समज व्हायला नको.

कोडं समोर आलं की बाई हातातलं पेन टेबलावर ठेवायच्या आणि दोन बोटांनी ते हात पोचणार नाही इतकं लांब सारायच्या. मग हातांची घडी घालून समोरच्याला विचारायच्या, “हे कळलं कसं?” उत्तर काय, हे त्या कधी आधी विचारत नसत.

पार्ल्याला स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर माझा क्लास आहे. शेअर बाजारात निव्वळ गणिताच्या जोरावर सौदे करणाऱ्या काही कंपन्या असतात. तिथं नोकरी लागावी म्हणून इंजिनिअरिंगची मुलं जीव टाकतात. त्यांच्या मुलाखतीत फासे, नाणी, पत्ते आणि टोप्या घातलेले कैदी यांच्याबद्दल विचारतात. त्याची तयारी आम्ही करून घेतो. माझे सासरे अजून लोकांना सांगतात की जावई पोरांना फासे टाकायला शिकवतात.

बाई माझ्याकडे नऊ वर्षं होत्या. मुलं त्यांना मॅडम म्हणायची, मी बाई म्हणायचो. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मालाडच्या पश्चिमेला खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात घर. सकाळी मालाडच्या बाजारात आईच्या ओट्यावर बसून मासे विकायच्या, घरी जाऊन अंघोळ करून अकराच्या ठोक्याला क्लासमध्ये हजर. संख्याशास्त्रात एम.एस्सी. होत्या, पण ते त्यांनी कधी पाटीवर लिहू दिलं नाही.

‘हे कळलं कसं’ या प्रश्नाची ताकद मला पहिल्याच आठवड्यात समजली. मी वर्गात नेहमीचा प्रश्न घातला होता. एका घरात दोन मुलं आहेत, त्यांतली एक तरी मुलगी आहे असं तुम्हाला कळलं, तर दोन्ही मुलीच असण्याची शक्यता किती? अर्धी पोरं दोनात एक म्हणाली, अर्धी तीनात एक. मी तीनात एक हे उत्तर बरोबर म्हणून पुढे निघालो, तेवढ्यात मागच्या बाकावर बसलेल्या बाईंनी पेन सारलं.

“पण सर, कळलं कसं? आईला विचारलंत का, की तुला मुलगी आहे का, आणि ती हो म्हणाली? मग तीनात एक. पण तुम्ही दार वाजवलंत, दोघांपैकी कुणी तरी एक पोर दार उघडायला आलं आणि ती मुलगी निघाली, तर? मग दोनात एक. बातमी तीच. आली कुठून, त्यावर सगळं आहे.”

पंधरा वर्षं मी तो प्रश्न शिकवत होतो. फळ्यापाशी खडू घेऊन उभा राहिलो आणि मला वाटलं, आपण इतकी वर्षं दार न वाजवताच आत शिरत होतो.

अशा वेळी मला त्यांचा हेवा वाटायला हवा होता. पण खरं सांगतो, हेवा वाटायला निदान बरोबरी तरी लागते. समुद्र बघून कुणी जळत नाही.

शंभर प्रवाशांच्या विमानाचं कोडं तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. पहिल्याला आपली जागा आठवत नाही, तो कुठंही बसतो. पुढचा प्रत्येक जण आपली जागा रिकामी असेल तर तिथं बसतो, नसेल तर मिळेल तिथं. शेवटच्याला स्वतःची जागा मिळण्याची शक्यता किती? पोरं पानंच्या पानं भरतात. बाईंनी विमान बाजूला काढलं आणि बाजार मांडला.

“आमच्याकडे प्रत्येकीचा ओटा ठरलेला असतो. समजा शंभर ओटे आहेत. नवी सून सगळ्यांच्या आधी आली, तिला सासूचा ओटा माहीत नाही, बसली कुठं तरी. पुढची आली. तिच्या ओट्यावर कुणी असेल तर ती भांडत नाही. हे खोटं आहे, पण कोड्यापुरतं धरा.” वर्ग हसला. “ती दुसरा रिकामा ओटा धरते. सगळ्यात शेवटी माझी आई येते. तिच्यासाठी कुठला ओटा उरला असेल?”

पोरं वह्यांत आकडे मांडू लागली.

“मधल्या बाईचा ओटा उरूच शकत नाही. तो रिकामा असता तर ती स्वतःच तिथं बसली नसती का? म्हणजे उरेल तो सुनेच्या सासूचा, नाही तर माझ्या आईचा. आणि मधल्या बायकांना त्या दोन्ही ओट्यांशी काय देणंघेणं? त्यांना दोन्ही सारखेच. मग दोनात एक.”

पेन अजून लांबच पडलेलं होतं. मागून एक मुलगा हळूच म्हणाला, “वाट लागली यार, मी चार पानं लिहिली.” बाई म्हणाल्या, “ठेव जपून. चुकलेलं नाहीये. फक्त लांबून आलास.”

एकदा एका मुलानं नाक मुरडलं. वर्गात माशाचा वास येतोय असं शेजाऱ्याला म्हणाला, बाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात. मी उठलो होतो, पण बाईंनी मला हातानं बसवलं. वास येतोय हे त्यांनी मान्य केलं. मग फळ्यावर दोन रकाने आखले आणि त्याला विचारलं, “वास माझाच, हे कळलं कसं? मी कोळीण आहे म्हणून? आज बाजार बंद होता, मी गेलेच नाही.” मग वर्गात डबा आणलेले किती, त्यांत मासे खाणारे किती, हे हात वर करून मोजलं. शेवटी त्या मुलाच्याच बाकावरच्या मित्राच्या डब्यातून सुकटीची चटणी निघाली. पोरं हसून लोळली. बाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दोन गोष्टी शेजारी दिसल्या की आपण गाठ मारून टाकतो. मारू नये.”

हे मी तिथंच, तिसऱ्या बाकावर बसून ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

दर वर्षी बॅच संपताना आमच्याकडे एक मोठी परीक्षा होते. शेवटचा प्रश्न मी स्वतः तयार करतो. तो ज्याला उत्तम सुटेल त्याची शिफारस मी एका ओळखीच्या कंपनीकडे करतो. वर्षाला एकच नाव, त्यामुळे त्या प्रश्नाला फार मान. परीक्षेआधी चार दिवस पेपर तपासायला बाईंकडे जायचा. शेवटचा प्रश्न वेगळ्या छोट्या पाकिटात, जोडावर माझी आडवी सही. बाई ते घरी उघडायच्या, माझं उत्तर न बघता प्रश्न सोडवायच्या, आणि काही खोट असेल तर चिठ्ठी लिहून सगळं मोठ्या पाकिटात घालून परत द्यायच्या. आठ वर्षं मी ते पाकीट आल्याबरोबर उघडलं. नवव्या वर्षी जागेच्या कराराची धावपळ होती. पेपर कॉम्प्युटरवर तयारच होता, तो मी तसाच स्वतः छापला. खोट असती तर बाई बोलल्या असत्या, असं मनाशी म्हटलं. आणि जिन्यात त्यांनी विचारलं तेव्हा हो म्हणून मोकळा झालो.

त्या वर्षी शेवटचा प्रश्न एका मुलीनं चार ओळींत सोडवला. मला स्वतःला तीन पानं लागली होती. तिच्या उत्तरात ओटे होते, सून होती, सगळी बाईंची भाषा. मी अर्ज काढून तिचा पत्ता बघितला. तोच कोळीवाडा. तीच गल्ली.

मग मी गणित केलं. असा प्रश्न स्वतःच्या बळावर सोडवणारं पोर हजारात एक. म्हणजे प्रश्न फुटला असण्याची शक्यता हजारात नऊशे नव्व्याण्णव. प्रश्न माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत होता. ही चूक मी दर वर्षी जुलैमध्ये फळ्यावर लिहून दाखवतो आणि पोरांना म्हणतो, मुलाखतीत हे केलंत तर बाहेरचा रस्ता. हजारात एक सोडवतो, हे खरं. पण माझ्या वर्गातली पोरं त्या हजारातून वेचूनच आलेली असतात. शिवाय तिच्या उत्तरात बाईंची भाषा नसती तरच नवल होतं, वर्षभर आम्ही तिला तीच शिकवत होतो. आणि नऊ वर्षं ओळखीची ही बाई प्रश्न फोडेल याची शक्यता किती? तो आकडा मी मांडलाच नाही.

दुसरे दोन शिक्षक चहा घेत बसले होते. त्यांच्यासमोर मी बाईंना म्हणालो की शेजारधर्म मी समजू शकतो, पण निदान मला सांगायचं होतं. बाईंना आधी कळेचना. कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं.

“सर, हे कळलं कसं तुम्हाला?”

“गणित केलं,” मी म्हणालो.

त्यांच्या हातात तपासायचं लाल पेन होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, दोन बोटांनी लांब सारलं, पर्स उचलली आणि जिना उतरून गेल्या. परत आल्या नाहीत. मुलीच्या जागी मी दुसरंच नाव पाठवलं. ती पुढे स्वतःच्या हिमतीवर दुसरीकडे लागली, पण त्यानं माझं काहीच हलकं होत नाही.

तीन वर्षांनी, म्हणजे यंदा, टेबल बदललं. खण रिकामा करताना पाकीट हाताला लागलं. आत छोटं पाकीट, जोडावर माझी आडवी सही, कुठंही न तुटलेली. त्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती.

“सर, शेजारची मुलगी यंदा परीक्षेला आहे. शेवटचा प्रश्न मला माहीत नसलेला बरा. उघडलेला नाही. या वर्षी तो दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.”

त्यांनी स्वतःची बाजू का मांडली नाही, हे मला कधी कोडं वाटलं नव्हतं. मी तो कबुलीजबाब धरला होता. आता कळलं. मी चिठ्ठी वाचली आहे असं त्या समजत होत्या. मीच तसं सांगितलं होतं. वाचूनही हा माणूस असं बोलतोय, तर याच्यापुढे काय सिद्ध करायचं?

आधी त्या मुलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “माझं जाऊ दे सर, मी ठीक आहे. मावशीला, म्हणजे मॅडमना सांगा. आणि फोनवर नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मालाडच्या बाजारात गेलो. बाईंना मी कधी ओट्यावर बघितलं नव्हतं. गुडघ्यापाशी कोयता, केसांत अबोलीचा गजरा, समोर बांगडे एकावर एक इतके नेटके लावलेले की एक उचलायचं धाडस होऊ नये. एक गिऱ्हाईक भाव पाडत होतं आणि बाई त्याला शांतपणे तोंडी हिशोब सांगत होत्या. शेजारी त्यांची आई. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“काय पायजे? बांगडा ताजा हाय.”

“आई, हे सर आहेत,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता.

म्हातारीनं हातातला बांगडा खाली ठेवला. पण ती बाजूला सरकली नाही, आणि तिनंही ऐकावं हेच मला हवं होतं. त्या वेळी दोन माणसांसमोर बोललो होतो, आता त्याहून कमी माणसांत बोलणं बरोबर नव्हतं.

“तुम्ही प्रश्न फोडला नव्हता,” मी म्हणालो.

बाईंनी हात पुसले. कोयता बाजूला केला, दोन बोटांनी, हात पोचणार नाही इतका.

“हे कळलं कसं?”

“पाकीट उघडलं. काल. तेव्हा बघितलं म्हणालो होतो ते खोटं होतं.” मला पुढचं पाठ करून आणलेलं काहीच आठवेना. “बाई, पाकीट उघडून कळलं, यात माझं काही नाही. नऊ वर्षं तुम्हाला बघत होतो. न उघडताच कळायला हवं होतं. माझं चुकलं. मला माफ करा.”