उरलेल्या घासांचे वजन

डॉक्टरीणबाईंनी माझ्या बेंबीपाशी दोन बोटे दाबली, मला खोकायला सांगितले आणि म्हणाल्या, "याला हर्निया म्हणतात."

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांनी समजावून सांगितले की पोटाला आतून एक जाड पडदा असतो. बाळंतपणांनी माझा तो पडदा बेंबीजवळ विरला आहे, जुने लुगडे विरते तसा. त्या फटीतून आतडे बाहेर येते. तोच माझा गोळा.

धाकट्या मुलीच्या जन्मापासून तो गोळा मी निऱ्यांखाली झाकत आले होते. सासूबाईंना सांगितले नव्हते, यांनाही नाही. पोट कोणाला दाखवायचे, याचीच लाज. पण होळीच्या सुमारास अशी कळ आली आणि अशा ओकाऱ्या झाल्या की यांनी गाडी जुंपली. मूर्तिजापूरपर्यंत बैलगाडी, तिथून रेल्वे, आणि अमरावतीचा बायकांचा दवाखाना. पोहोचेपर्यंत गोळा आपोआप आत गेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वेळी नशीब चांगले. एखाद्या दिवशी आतडे फटीत अडकून बसेल, आणि मग गावाहून इथपर्यंत यायला तुमच्याकडे वेळ उरणार नाही.

उपाय ऑपरेशनचा. म्हणजे पोट उघडून ती फट शिवायची. पण त्याआधी क्लोरोफॉर्म द्यावा लागतो. ते झोपेचे औषध, नाकावाटे हुंगवतात. माझ्या अंगावर इतकी चरबी होती की ते औषध माझ्या छातीला झेपणार नाही आणि टाकेही टिकणार नाहीत, असे त्या म्हणाल्या. त्यांनी मला काट्यावर उभे केले. आकडा मी इथे लिहीत नाही. काटा कुठपर्यंत खाली आला पाहिजे तेवढी खूण त्यांनी नखाने दाखवली आणि सांगितले, "उन्हाळ्याचे महिने तुमच्या हातात आहेत. हळूहळू उतरवा. मृग लागला की या."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. माझी धाकटी पाच वर्षांची होती.

आम्ही माळी. पूर्णेच्या काठी आमचे गाव. उन्हाळ्यात नदी आटली की आम्ही रेतीत वाडी लावतो, डांगरे म्हणजे खरबुजे, टरबुजे, काकड्या. माल अकोल्याच्या बाजारात जातो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि चार मुले.

वजन उतरवायचे म्हणजे उपाशी राहायचे, एवढे मला ठाऊक होते. सोमवार, शनिवार, एकादशी, जो वार सापडेल तो धरला. उपासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. शेंगदाण्यात किती तेल असते ते काय आम्हाला माहीत नव्हते? पण उपासाचे अन्न अंगी लागत नाही अशी समजूत. पुढे मी पाणीही कमी केले. माठातले पाणी पोटात गेले की तेवढे वजन वाढणारच, असे मी धरून चालले होते.

चैत्राच्या मध्यावर एक दिवस भर उन्हात वाडीत डांगरे तोडताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तापलेल्या रेतीवर पडले. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई कांदा फोडून माझ्या नाकाशी धरून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांना सगळे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "सांगाचं नाही का वो बाई? मी का परकी हाओ?"

बाजाराचे दिवस होते, म्हणून या खेपेला अमरावतीला माझ्यासोबत सासूबाई आल्या. बायकांच्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. शेजारी वरूडकडची एक गर्भारीण होती, तिला सासूबाईंनी आपल्या पदरातली काकडी दिली.

काटा जवळजवळ हललाच नव्हता. पडल्याची हकीकत ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या. वजन चरबीचे उतरवायचे, पाण्याचे नव्हे, म्हणाल्या. उन्हाळ्यात पाणी तोडले तर ऑपरेशनच्या आधीच जाल. मग त्यांनी विचारले, दिवसभरात काय खाता? मी खरे तेच सांगितले. दोन्ही वेळा एकेक भाकर, वरण, ठेचा. त्यांनी माझ्या अंगाकडे पाहिले. माझ्यावर विश्वास बसला नाही हे मला कळले, आणि माझे डोळे भरून आले.

तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. "खरं सांगून राहिली ते. एकच भाकर खाते. बाकी मंग लेकराईच्या ताटातलं, नवऱ्याच्या ताटातलं, गंजातलं. ते काई जेवण व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली नळी टेबलावर ठेवली. "आजी, ते कशाने खातात? तोंडानेच ना?"

मी तोंडावर पदर घेतला. हसू आले की रडू, ते मलाच कळले नाही. पण गाडीत बसल्यावर मी आठवू लागले. मुले उठली की त्यांच्या ताटांतले भाताचे गोळे, अर्धी पोळी, वाटीच्या तळाचे तूप. गंजात, म्हणजे पातेल्यात, राहिलेले वरण, कारण उद्यापर्यंत ते आंबते. बाजारात न खपणारे तडकलेले डांगर. कुरडयांचा उरलेला चीक, तेल घालून. आंब्याच्या रसाचे पातेले धुण्याआधी. अन्न टाकायचे नाही, हे मला आईने शिकवले आणि सासूबाईंनीही. पण त्याला मी खाणे कधी म्हटलेच नव्हते. ते घर आवरणे होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते साधे होते. आपले ताट एकदाच वाढून घ्यायचे, बसून जेवायचे. निम्मे ताट भाजीचे, भाकर तीच. ताक, साधे पाणी भरपूर. रस खावा, पण वाटीभर, आणि जेवणातच. उपास बंद. ऊन चढण्याआधी चालायचे. आणि ताटावरून उठल्यावर तोंडात काही घालायचे नाही, मग घरात कोणाचे काहीही उरो.

चालणे जमले, भाजी जमली. सगळ्यांत अवघड गेले ते यांना सांगणे.

यांचा स्वभाव अबोल. लग्न झाल्यापासून रोज हे ताटात एक घास माझ्यासाठी मागे ठेवत. साधा नव्हे, चांगला. पुरणपोळीचा तूप मुरलेला तुकडा, आंब्याची गराची कोय. मी यांच्याच ताटात जेवायला बसत असे, तेव्हा तो माझी वाट पाहत असायचा. यावर आम्ही कधी बोललो नाही. यांचे माझ्याशी बोलणे तेच होते.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला यांनी अर्धी पुरणपोळी मागे ठेवली आणि उठू लागले. माझे ताट मी आधीच वेगळे वाढून ठेवले होते. मी जमिनीकडे पाहत म्हटले, आता मागे काही ठेवू नका.

हे थांबले. "तुह्यासाठीच ठेवलं होतं."

"माहीत हाय मले," मी म्हटले.

हे पुन्हा पाटावर बसले, पोळी संपवली आणि बाहेर गेले. यांचे मन दुखावले म्हणून मला दिवसभर चैन पडले नाही. दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना हे दाराशी उभे राहिले. "चाल, वाडीत. एकटी कायले जातं?" मग रोज आम्ही दोघे नदीच्या रेतीतून वाडीच्या टोकापर्यंत जात असू. हे पुढे, मी मागे. काही दिवसांनी हे सावकाश चालू लागले, आणि मग पुढे-मागे असे राहिले नाही. गावात बायका हसल्या. एकीने विचारले, म्हातारपणी नवरी झाली काय वो? मला वाईट वाटले नाही.

घरातले उरणेही कमी झाले. मुलांना थोडे वाढायचे, मागितले तर पुन्हा द्यायचे. तरी राहिले ते बैलांना. सासूबाईंना हे पाहवत नसे. त्या गुपचूप उचलून तोंडात टाकत. माझे तेव्हा तिकडे लक्ष गेले नाही, मी माझ्याच काळजीत होते.

मृगात अमरावतीला गेले तेव्हा काटा नखाच्या खुणेच्या थोडा वरच थांबला. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि म्हणाल्या, "चालेल. छाती चांगली आहे."

क्लोरोफॉर्मचा वास गोडसर आणि गुदमरवणारा असतो. त्यांनी अंक मोजायला सांगितले. मी चारी मुलांची नावे घेतली, धाकटीचे पूर्ण झाले की नाही ते आठवत नाही. जागी झाले तेव्हा पोटावर घट्ट पट्टा होता, घसा कोरडा होता आणि सासूबाई उशाशी होत्या. पुरुषांना त्या खोलीत मनाई होती. हे दवाखान्याच्या ओट्यावर बसून होते.

पुढे मला भाताची पेज मिळू लागली. ती अर्धी झाली आणि मी वाटी बाजूला सारली. सासूबाईंचा हात त्या वाटीकडे गेला. त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते, नर्सशी बोलत होत्या, हात आपला गेला. पन्नास वर्षांची सवय. मी पडल्यापडल्या तो हात पाहिला. घरून बांधून आणलेल्या भाकरी संपल्या होत्या, आणि त्या दिवशी त्या काय जेवल्या हे मी विचारलेही नव्हते.

ज्या बाईला कधी डॉक्टर विचारतील, काय खाता, तिने ताटाबाहेरचेही मोजावे. लाज बाळगू नये. दुखणे झाकू नये, पाणी तोडू नये, घाई करू नये. मी चौथीपर्यंत शिकले, याहून जास्त मला सांगता येणार नाही. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

टाके सुकून मी चुलीपाशी परत बसले, त्या पहिल्या दिवशी मी दोन ताटे वाढली. सासूबाई म्हणाल्या, "हे कोनाचं? लेकराईचं झालं ना."

"तुमचं हाय. बसा आत्याबाई," मी म्हटले. एवढ्या मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

त्या ताटाकडे पाहत राहिल्या. मग पदर सावरून बसल्या. गरम भाकर मोडली, वरणात बुडवली आणि खाल्ली. मी वाट पाहत होते. इतक्या वर्षांत सगळ्यांच्या मागचे उरलेले खाताना त्यांनी माझ्या हातच्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवले नव्हते.

"वरनात मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

मी उठले आणि त्यांना मीठ वाढले.