बुश कोणत्या बाजूने झिजला

मेनशाफ्टवरचं स्लीव्ह गिअर निघत नव्हतं. ब्लोअरने गरम केलं, हायड्रॉलिक प्रेसखाली घेतलं, तेव्हा कुठे एक कोरडा आवाज होऊन ते सुटलं. बाकावर बसलेल्या विद्याताई दचकून उभ्या राहिल्या.

"तुटलं का, भाऊ?"

"नाही. मोकळं झालं."

जुन्या इंग्लिश मोटारसायकलचा हा गिअरबॉक्स त्यांनी एका पोत्यात घालून ऑटोने शहराबाहेर वाडीला माझ्या वर्कशॉपमध्ये आणला होता. वडिलांना न सांगता. मी जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स आणि इंजिनं भरतो, म्हणजे उघडून, दुरुस्त करून पुन्हा जोडतो. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून लोक येतात. विद्याताई फक्त एक प्रश्न घेऊन आल्या होत्या.

त्यांचा धाकटा भाऊ प्रमोद या गाडीच्या अपघातात गेला. खाप्याहून परत येताना तिसऱ्या गिअरमध्ये मागचं चाक अचानक जाम झालं आणि मागून ट्रक होता. त्याच्या आदल्या आठवड्यात वडिलांनी या स्लीव्ह गिअरचा बुश स्वतः बनवून दिला होता. ते एका कारखान्यात लेथवर सुटे भाग बनवणारे टर्नर होते, घरीही लेथ होता. प्रमोद गेल्यावर तो लेथ त्यांनी विकून टाकला.

"बाबा जेवता जेवता थांबतात," विद्याताई म्हणाल्या. "घास हातात असतो अन् विचारतात, मी रीमर फिरवला होता का गं? आम्ही काय सांगणार? तुम्ही पाहून सांगा."

हे थोडं समजावून सांगायला हवं. बुश म्हणजे ब्रॉन्झची नळी. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून ती मध्ये बसवतात. स्लीव्ह गिअर आतून पोकळ असतं, त्यातून शाफ्ट जातो; त्यात ती दाबून बसवली की आवळली जाते आणि आतलं छिद्र किंचित लहान होतं. म्हणून नंतर रीमर नावाच्या हत्याराने ते मापात आणावं लागतं. ते राहिलं तर शाफ्ट घट्ट फिरतो, तापतो आणि बुशला चिकटतो. मग गिअरबॉक्स आतल्या आत अडकतो आणि मागचं चाक थांबतं. म्हणजे विद्याताईंच्या वडिलांची, काकांची, शंका वेड्या माणसाची नव्हती. मीही मनात तेच धरून बसलो होतो.

सगळं रॉकेलमध्ये धुतलं. जुनं तेल राहिलं तर बोटाला खोटं सांगतं. झिजलेला बुशही तेलामुळे भरलेला वाटतो. पुसून कोरडा केला आणि बॅटरी लावून आत पाहिलं.

चेनकडच्या टोकाला ब्रॉन्झ वितळून फासल्यासारखं झालं होतं. तेही सगळीकडे नाही, एकाच अंगाला. दुसरं टोक मात्र साफ होतं. तिथे रीमरच्या बारीक खुणा दिसत होत्या. गेजने तिथलं माप घेतलं, शाफ्टचं घेतलं. दोघांत तेलाला लागते तेवढी जागा बरोबर होती. खात्री वाटेना, म्हणून पुन्हा घेतलं. तेच आलं.

बुश घट्ट असता तर तो लांबीभर चिकटला असता. एकाच टोकाला, एकाच अंगाला चिकटला, याचा अर्थ गिअर तिरकं चालत होतं. मी गिअरबॉक्सच्या केसिंगमधलं बेअरिंग काढलं. हेच स्लीव्ह गिअरला बाहेरून धरून ठेवतं. हातात हलवलं तर खडखड वाजलं. गोळ्यांवर खड्डे पडले होते. चेनच्या ओढीने गिअर वाकडं होत गेलं आणि सगळा भार बुशच्या काठावर आला.

"रीमर फिरवला होता," मी म्हणालो. "बुश बरोबर होता. बेअरिंग गेलेलं होतं."

विद्याताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग एकदम थांबल्या. "गिअरबॉक्स प्रमोदनं भरला होता. बाबांनी नुसतं बुश बसवून गिअर दिलं." थोडा वेळ त्या बेअरिंगकडे पाहत राहिल्या. "भाऊ, बाबांना बुशचंच सांगा. याचं नका सांगू."

"विचारलं नाही तर नाही सांगणार. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

दोन दिवसांनी त्या काकांना घेऊन आल्या. पांढरा शर्ट, पायात चपला, हात अजून टर्नरचे. मी स्लीव्ह गिअर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गिअर उजेडाकडे धरलं आणि करंगळीचं नख आतून हळूहळू फिरवलं. नख साफ भागावर थांबलं.

"फिरवला होता," ते म्हणाले. "फिरवला होता गा मी."

ते बाकावर बसले. बाहेर गोदामाशी ट्रक मागे घेत होते. मग त्यांनी नख दुसऱ्या टोकाला नेलं आणि मान वर केली.

"बेअरिंग कुठं हाय?"

मी विद्याताईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. टर्नरला बुशची एक बाजू दाखवून दुसरी लपवता येत नाही. मी बेअरिंग दिलं.

त्यांनी ते कानाशी धरून फिरवलं. "मी त्याले इचारलं होतं, बेअरिंग पाहिलं का? म्हणे, चांगलं हाय, बाबा."

"काका, हे डोळ्यांना पटकन दिसत नाही. भल्याभल्यांचं राहून जातं."

"माझीच चुकी असती तं बरं झालं असतं," ते म्हणाले. "मले त्याची सवय झाली होती आता."

विद्याताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते उठले नाहीत, रडलेही नाहीत. जाताना गिअर माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "भरून दे. नवीन बेअरिंग टाक. बुश तू बनव."

"माझ्या लेथवर तुम्हीच बनवता का?"

"नाही."

बुश मी बनवला. रीमर फिरवला त्या दिवशी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी शाफ्ट घालून फिरवून पाहिला, मान हलवली आणि चहा न घेता गेले. गिअरबॉक्स भरून गाडीला बसवला, गाडी चालते. विद्याताईंच्या फोनवरून एवढं कळलं की ते आता जेवताना थांबत नाहीत. पण प्रमोदचं नावही घेत नाहीत. पूर्वी रोज निघायचं.

झिजलेला बुश पाहिला की लगेच नवा टाकायची घाई होते. तसं करू नये. आधी बेअरिंग हलवून पाहावं. आणि कारण शोधून द्या म्हणून कोणी आलं, तर पाना हातात घेण्यापूर्वी त्याला सांगावं, की कारण सापडेल, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची गॅरंटी मी देत नाही.