घरचा दर्भ

वडिलांच्या, अप्पांच्या, श्राद्धासाठी दर्भाची अंगठी वळताना ओल्या पात्यांचा वास आला, आणि पन्नासच्या दशकातलं कुंभकोणमचं आमचं परसदार आठवलं.

अप्पा दर्भ पेरत होते. कापसासारखं हलकं बी उडू नये म्हणून त्यांनी ते कावेरीच्या ओल्या वाळूत कालवलं होतं. माझा थोरला भाऊ अण्णा तांब्याने पाणी घालत म्हणाला, "बाजारात जुडी मिळते की, अप्पा."

"माझ्या दिवसांना तुझ्या हाती घरचा असू दे," अप्पा म्हणाले. अण्णा नुसता हसला.

दर्भ कापण्याजोगा झाला, तोवर अण्णाच तापाने गेला होता. पहिली जुडी अप्पांनी त्याच्या पिंडाखाली अंथरली.

तरी ते रोज त्या ठोंबाला पाणी घालत. मला ते बघवत नसे. त्याला पहिलं पाणी अण्णाच्या हातचं होतं, हे आज लक्षात येतं.