साडभाऊंची जाड चौकट

माझे साडभाऊ, म्हणजे मेहुणीचे यजमान, आज स्वर्गात असतील, तर इंद्राकडून अमृताची जाहिरात मिळवल्याखेरीज खाली बसले नसतील. वाशीमच्या एका साप्ताहिकात ते जाहिरात-व्यवस्थापक होते आणि मी तिथेच छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत असे. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्या आचाऱ्याला ते पानावर हात आडवा धरून विचारत, "तुमी पेपरात कधी येता?" तापानं फणफणले म्हणून वैद्यबुवांना बोलावलं, तर त्यांनी नाडी धरायच्या आत साडभाऊंनी अर्ध्या पानाचा दर सांगितला. त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला.

एवढं करूनही जाहिराती येत नसत. कापडवाले नाना तर सरळ म्हणत, की अख्खं वाशीम आपल्याला ओळखतं, मग पेपरात नाव कायले? शेवटी मालकांनी बजावलं, की दसऱ्याच्या अंकात नानांची जाहिरात नसली तर दुसरी नोकरी पाहा. साडभाऊंनी नानांच्या ओट्यावर मुक्कामच ठोकला. नानांनी कंटाळून होकार दिला, वर आपला फोटोही दिला.

त्या आनंदात साडभाऊंना फोटोभोवती छापखान्यातली सर्वांत देखणी चौकट हवी झाली. त्यांनी निवडली ती सर्वांत जाड, काळीकुट्ट. ही मयताच्या बातमीची आहे, असं मी परोपरीनं सांगितलं.

"असू द्या जी," ते म्हणाले, "मयताची बातमी लोकं सोडते काय?"

खरंच कोणी सोडली नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी फोटो आणि चौकट पाहिली. ज्यांना येत होतं त्यांनी चौकट पाहून पुढचं वाचलंच नाही. बाजाराच्या दिवशी पार मेडशीपासूनची माणसं डोळे पुसत दुकानी आली. दुखवट्याला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून नानांच्या घरच्यांना द्यायची पागोटी-लुगडी त्यांनी तिथूनच घेतली, आणि नवा मुनीम काही न विचारता देत राहिला. नाना मागच्या घरातून जेवून बाहेर आले तेव्हा बायकांनी गळा काढला होता. नानांनी शेजारच्या बाईला विचारलं, "कोन गेलं वो?" ती बाई मटकन खालीच बसली.

छपाईयंत्रामागे लपलेल्या साडभाऊंना ओढून काढून मालकांनी आम्हा दोघांना दुकानात नेलं. नोकरी गेली हे साडभाऊंनी धरूनच ठेवलं होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना. मालक हात जोडून माफी मागू लागले, याला आजच काढतो म्हणाले. गादीवर नानांशेजारी त्यांचा किन्हीराजा गावी राहणारा धाकटा भाऊ बसला होता. शेताच्या बांध-धुऱ्यावरून भांडण झाल्यापासून तो या दारात आला नव्हता. रडून त्याचे डोळे सुजले होते, आणि दुखवट्याचं पागोटं अजून मांडीवरच होतं.

नानांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवून मालकांना थांबवलं. "त्याईले काहून काढता? मी खरंच मेल्यावर हा आला असता, तं मले दिसला असता काय?"

साडभाऊंची नोकरी राहिली. आपल्या जाहिरातीनं एका दिवसात किती कापड खपलं, एवढंच ते जन्मभर छाती फुगवून सांगत राहिले, आणि मीही कधी वाद घातला नाही. इतकं चुकून इतकं भलं करणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्यांची फार आठवण येते.