भंगार इंजिनिअर

कॉम्प्युटरचं झाकण उघडायच्या आधी तो खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा. दर खेपेला. लोकांना वाटायचं, मनात काहीतरी म्हणत असेल. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "अंगातली वीज सोडतोय, आबा. आपल्याला कळत न्हाय, पर आतल्या चिपेला सोसत न्हाय." मी चाळीस वर्षं विहिरीवरच्या मोटारी भरल्या. तांब्याची तार या बोटांतून किती गेली त्याला गणती नाही. आणि हा मला वीज शिकवणार!

शिवाजी पेठेत आमची दुकानं समोरासमोर. माझं मोटार रिवाइंडिंगचं, मागेच घर. त्याचं जुन्या कॉम्प्युटरचं; त्याला सगळे चाचा म्हणायचे. शाळा माझी चौथी, त्याची तिसरी. एक यत्ता का होईना, मी वर होतो, आणि हे मी त्याला विसरू दिलं नाही. लोकांनी टाकलेले कॉम्प्युटर तो हातगाडीवरून आणायचा, खोलायचा, चांगलं असेल तेवढं काढून दुसऱ्यात बसवायचा. ह्याचा पंखा त्याला, त्याची मेमरी ह्याला. मी चिडून त्याचं नाव 'भंगार इंजिनिअर' ठेवलं. वाटलं, लाजेल. आठ दिवसांत त्याने तेच नाव लाल रंगात पाटीवर लिहून घेतलं आणि पेंटरला माझ्याकडे धाडलं. "नाव त्यांनी ठेवलंय. बारशाचा चहा त्यांच्याकडं."

पाजावा लागला.

हत्यारं तरी काय त्याची! धूळ उडवायला फुटबॉलमध्ये हवा भरायचा पंप. मेमरीच्या पट्टीचे पिवळे दात घासायला शाळेतलं खोडरबर. "बंद पडलं म्हंजे मेलं न्हवं," म्हणायचा, "आधी पुसून तर बघा." आणि ते चालू व्हायचं की! बघणारे वाहवा करायचे. मी जळालेली मोटार दोन दिवस खपून भरायचो, तिची वाहवा कुणी केली नाही. मोटार विहिरीत जाते, दिसत नाही. पूर्वी पेठेत मिक्सर बिघडो, पंखा बिघडो, लोक आधी माझ्या पायरीवर यायचे. पुढे पुढे पायरीवर आलेला माणूसही तोंड तिकडे करून विचारायला लागला, "चाचा हायत का दुकानात?"

बाहेरचे गेले तर गेले, पण माझी सूनसुद्धा! वैशाली घरी कॉम्प्युटरवर टायपिंग करते. लग्नपत्रिका, अर्ज, पोरांचे प्रोजेक्ट. तिचं मशीन फार हळू झालं होतं. गडहिंग्लजच्या तिच्या भावाने आपला बंद पडलेला कॉम्प्युटर एसटीत टाकून पाठवला. ह्यातलं काही काढून आपल्यात बसतंय का बघा म्हणून. ती म्हणाली, "आबा, चाचांच्याकडं टाकून येते."

"का? घरात मिस्त्री न्हाय व्हय?"

"तसं न्हवं आबा. ह्याचं काम वेगळं असतंय."

वेगळं! चार स्क्रू आणि एक पंखा. मी म्हणालो, "घरातलं मशीन उंबऱ्याबाहेर जायचं न्हाय." तिने दारातून समोरच्या दुकानाकडे पाहिलं. तिच्या त्या बघण्यात चाचा होता, तो मला दिसला.

गुरुवारी ती शेजारणींबरोबर नृसिंहवाडीला गेली. मी दोन्ही मशीनं उघडली. मेमरी कशी काढतात ते मी समोरून शंभर वेळा पाहिलं होतं. भावाच्या मशीनमधली पट्टी काढली, वैशालीच्या मशीनमध्ये घालायला गेलो तर बसेना. पट्टीला मध्ये एक खाच असते, ती जरा सरकलेली होती. आता आमच्या धंद्यात खाच जुळली नाही तर काय करतात? कानस मारतात. मीही मारली. हळू, बेताने, लेव्हल बघत. पट्टी दाबली, बसली. बटण दाबलं.

वास आला. जळक्याचा वास मला कुणी सांगावा लागत नाही.

तिचंही मशीन गेलं. आत एका लग्नाची पत्रिका होती, सकाळी छापायला द्यायची. तिने रात्री जागून केलेली. मी मशीन पोत्यात घातलं आणि रस्ता ओलांडला. बारा पावलांचा रस्ता, पण त्या दिवशी संपेना.

त्याने गजाला हात लावला. झाकण काढलं. पट्टी बाहेर घेतली आणि घासलेल्या खाचेवरून अंगठा फिरवला. मी म्हटलं आता हा हसणार, आणि हसला की मी ह्याच्या कानाखाली वाजवणार.

"कानस बारीक वापरलीसा," तो म्हणाला. "हात साफ हाय. पर आबा, ती खाच मुद्दाम हलवलेली असती. चुकीची पट्टी बसू नये म्हणून."

बस्स, एवढंच. मग त्याने आपल्या ढिगातला एक बोर्ड काढला, त्याला बसणारी मेमरी लावली, वैशालीच्या मशीनची हार्ड डिस्क, जिच्यात सगळं साठलेलं असतं ती, जोडली. "डोस्कं जळालं, आठवण शाबूत हाय." दिवेलागणीला पडद्यावर पत्रिका आली, वधू-वरांच्या नावांसकट. मशीन पहिल्यापेक्षा जलद पळत होतं. किती झाले विचारलं तर म्हणाला, "भंगाराचं काय घ्यायचं?" दिले असते तर बरं वाटलं असतं. तेवढंही सुख दिलं नाही.

वैशाली आली, बटण दाबलं आणि पळतच दारात गेली. "चाचा, तुम्ही केलासा व्हय?"

तो समोरून ओरडला, "मी कुठलं! तुमच्या आबांनी खोललं, मी निस्ता एक तुकडा दिला!"

ती माझ्या पाया पडली. आलं घालून चहा केला. सगळ्या गल्लीत सांगत सुटली, आमच्या आबांना कॉम्प्युटर पण येतोय. मी चहा प्यालो. खरं सांगायला तोंड उघडलं नाही. उलट त्याच्यावर आणखी जळलो. एवढं मोठं मन माझ्याकडे का नाही म्हणून.

गेल्या वर्षी तो गेला. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपला. मयतीला ही गर्दी! तालमीची पोरं, कॉलेजच्या मुली, दोन वकील. मातीला जातानासुद्धा माझ्या मनात आलं, माझ्या वेळी एवढी माणसं येतील का? असला मी.

घरी आलो आणि वैशालीला सगळं सांगून टाकलं. कानस, वास, पोतं, सगळं. ती रागावेल म्हणून तयारीत होतो. ती रागावली नाही.

"तुम्ही ते हुते तवर सांगायचं हुतं, आबा," ती म्हणाली. "माझी पत्रिका त्यांनी वाचवली, आणि मी त्यांना साधं पाणी विचारलं न्हाय."

ती आत गेली. मी तिथंच बसून राहिलो. त्याच्यावर मी आयुष्यभर जळलो, पण त्याचं कधी काही घेतलं नाही, अशी माझी ऐट होती. घेतलं होतं की. तो आल्याचा चहा त्याचा होता.