मामांच्या फोनवरचा कोड

लातूरच्या आमच्या घरात गॅस, वीज, नळ, झाडून सगळं सासऱ्यांच्या नावावर आहे. मी त्यांना मामा म्हणते. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. फॉर्म समोर आला की घरातल्या प्रत्येकाचा हात आपोआप त्यांचंच नाव लिहितो. माझ्या कामाचं खातंही असंच त्यांच्या नावावर गेलं, आणि त्याचा राग मला आज लिहितानाही येतोय.

काम साधं होतं. इथल्या एका छोट्या क्लासच्या सरांना मुलांसाठी ऑनलाइन सराव परीक्षा हवी होती. खेड्यांतून येऊन खोली करून राहणारी पोरं, त्यांना मोबाइलवर पेपर सोडवता यावा, एवढंच. मी नांदेडची, विष्णुपुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, आणि लग्नानंतर डिग्री कपाटात ठेवून भाजी निवडत बसलेली. हे माझं पहिलं स्वतःचं काम. सरांनी तोंडावर सांगितलं होतं, "ताई, रविवारची परीक्षा नीट पार पडली तर पुढचं सगळं काम तुमचं. न्हाई तर मी पुण्याच्या कंपनीला देतो."

प्रोग्राम लिहून झाला. आता तो चोवीस तास चालणाऱ्या, दूरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे क्लाउडवर ठेवायचा होता. त्यासाठी प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधतात, त्याला कंटेनर म्हणतात. प्रवासाला निघताना पोळी, भाजी, चटणी एकाच डब्यात भरतो तसंच. मग कन्सोल नावाच्या वेबपानावर जाऊन सांगायचं, की हा डबा मुंबईच्या केंद्रात ठेवा, एवढी मेमरी द्या, अमुक दारातून लोकांना आत घ्या. शेवटी एक बटण दाबायचं. हिरवा ठिपका लागला की चालू. तो पहिल्यांदा लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले होते.

पण खातं उघडताना मोबाइल नंबर मागितला होता आणि नवरा शेजारी बसला होता. "बाबांचाच टाक, घरात सगळ्याला त्यांचाच आहे," म्हणाला, आणि माझा लॅपटॉप ओढून स्वतःच टाकून मोकळा झाला. बँकेचं कार्डही त्यांचंच. तेव्हापासून कन्सोल उघडायचा म्हटलं की कोड मामांच्या फोनवर. मी ओट्यावरून हाक मारायची, "मामा, कोड आला का?" मग मामांनी चष्मा शोधायचा, फोन लांब धरायचा, "कशाला पाहिजे?" विचारायचं, आणि मग एकेक आकडा असा सावकाश सांगायचा की तोवर त्याची मुदत संपायची. पुन्हा नवा कोड, पुन्हा "कशाला पाहिजे?" माझ्याच कामाच्या दारात मी रोज अशी उभी.

शनिवारी दुपारी सरांनी पन्नासेक पोरांना रंगीत तालीम म्हणून एकदम बसवलं. कंटेनर कोसळला. उठायचा, पुन्हा पडायचा. कारण मला लगेच कळलं. मेमरी कमी पडत होती. कन्सोलमध्ये एक आकडा वाढवायचा, पाच मिनिटांचं काम. मी लॉग-इन केलं. कोड गेला मामांच्या फोनवर, आणि मामा होते निलंग्याला, भाचीच्या साखरपुड्यात.

फोन लावला. मागं बायकांचा गलका, ताटांचा आवाज.

"मामा, एक कोड आलाय बघा. तेवढा सांगता का?"

"काय करायलीस तू? पाव्हण्यांत बसलोय मी."

"उद्या पोरांची परीक्षा आहे. बंद पडलंय सगळं."

"हे बघ सूनबाई, त्या मेसेजमध्येच लिवलंय, कुणालाच सांगू नका म्हणून. गावात एका मास्तरला असंच फसवलं कुणीतरी. म्या न्हाई सांगणार."

"अहो, मी मागतेय. तो माझाच कोड आहे."

"माझ्या फोनवर आलाय नव्हं? मग तुझा कसा?"

आणि ठेवला. गंमत म्हणजे नियमानं ते बरोबर होते, आणि म्हणून राग दुप्पट. नवऱ्याला सांगितलं तर तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "कशाला बाबांना नाराज करतेस? उद्या दुपारपर्यंत येतील की ते." परीक्षा सकाळी दहाला होती. हे त्याला माहीत होतं. माझं काम बुडालं असतं तर या घरात कुणाचा चहासुद्धा गार झाला नसता, हे त्या एका वाक्यात मला दिसलं.

मी आतल्या खोलीत गेले आणि दार आपटलं, चांगलं जोरात. कपाटातून माहेरच्या आडनावाचं कार्ड काढलं. नांदेडच्या शाखेतलं माझं खातं, लग्नाआधीच्या नोकरीचं. ते बंद करून टाक म्हणून सगळे मागं लागले होते, मी नुसतं हो हो म्हणत आले होते. नवं क्लाउड खातं उघडलं. नाव माझं, नंबर माझा. कोड आला तो माझ्या तळहातावर. कंटेनर लॅपटॉपवर होताच, तो पुन्हा वर चढवला, केंद्र, मेमरी, दार, सगळं पहिल्यापासून भरलं. दिवेलागणीच्या आत हिरवा ठिपका लागला. नवा पत्ता सरांना पाठवला, त्यांनी तो पोरांच्या ग्रुपवर टाकला. त्या संध्याकाळी स्वयंपाक मी केला नाही. बाहेरून काय मागवायचं ते नवऱ्यानं बघितलं.

रविवारी परीक्षा झाली. एकदाही पडलं नाही. सरांचा निरोप आला, "पुढच्या महिन्याचे पेपर पाठवतो, ताई." तो मी कुणाला वाचून दाखवला नाही.

मामा दुपारी आले. दोन-चार दिवस गेले. मी ओट्याजवळ लॅपटॉप उघडून बसले होते. ते चष्मा लावून, फोन हातात धरून बराच वेळ समोर घुटमळले.

"सूनबाई, लई दिवसांत कोडच आला न्हाई. बंद पडलं का काय तुझं?"

"नाही मामा, चालू आहे. आता माझ्या फोनवर येतो."

"असं होय?" ते खुर्चीत बसले. "मग काय आलाय आज?"

मी कोड टाकला, बटण दाबलं आणि म्हणाले, "मामा, तो कुणालाच सांगायचा नसतो."