ठिपक्यांचा पदर

आटपाट शेड होतं. दिंद्रुडच्या वाटेला, दूध सोसायटीचं. सोसायटीचे चेअरमन अण्णा, म्हंजे माझे थोरले दीर. त्यांची भावजय म्हंजे मी. अन् कॉम्प्युटर शिकलेली माझी नात सारिका. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध बंद, शेड रिकामं. पण त्या साली किस्से मात्र दुधापरीस जास्त गोळा झाले, अन् सगळे माझ्या लाजेचे!

ते शेड सारिकाच्या कंपनीनं भाड्यानं घेतलं. तिला कसल्याशा गेमसाठी पाणी आणणाऱ्या बाईची चाल पाहिजे होती. अंगावर चकाकत्या गोळ्या चिकटवायच्या, चौफेर कॅमेरे. पडद्यावर माणूस दिसत न्हाई, नुसते ठिपके चालत्यात. गोळ्या कुठं कुठं लावायच्या, ते सारिकानं ठरवायचं. चाल जमली न्हाई तर कंपनी शेड सोडणार, पोरीची नोकरी जाणार. गावच्या बाया तो ड्रेस बघूनच पळाल्या. राहिले मी!

*

ड्रेस म्हंजे गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा, अंगाला चिकटलेला. मी म्हणलं, "लुगड्यावरच लाव की गोळ्या!"

"आजे, मंग लुगडं हलतं. तू न्हाई."

घातला बाई. पोट माझ्या आधी दाराबाहेर! दाराआड तोंड लपवून उभी राहिले.

"आजे, बाहेर ये."

"बाहेर दिसतीय ती मी न्हाईच!"

*

कॅमेरे लागले तसा ऑपरेटर पोरगा ओरडला, "मॅडम, आजींच्या पायाला जास्तीची हाडं फुटलीत!"

माझी जोडवी गोळ्यांवाणी चमकत होती. म्हणे, काढा.

"कावून काढू? नवरा जित्ता हाय माझा!"

सारिकानं जोडव्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. घरी गेले तर म्हातारा विचारतोय, "बोटं मोडली का काय?"

*

घागर कमरेवर घेतली अन् पडद्यावरनं माझं कंबरडंच गायब! घागरीआड गोळ्या झाकल्या होत्या. ऑपरेटर म्हणाला, "आजी, कमरेवर नका घेऊ."

"मंग पाणी तू आण!"

सारिकानं लई इचार केला अन् कमरेपुढच्या गोळ्या मागं नेल्या. पार मागं! पोरांदेखत तिथं दाबून दाबून चिकटवल्या. वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. रान सगळं भेगाळलेलं, पण मी मावंल एवढी भेग एकबी न्हाई!

*

मग पुण्याचे साहेब आले. ठिपके बघून म्हणाले, "चाल बरोबर आहे. पण ही कुणाचीही असेल. बाई कुठे दिसते? दुपारपर्यंत बघू, नाहीतर आवरा."

सारिकाचं तोंड एवढंसं झालं. तिनं माझ्या मोकळ्या हाताच्या बोटांवर बारक्या गोळ्या लावल्या. "आजे, बोटं बघू दे तुझी. चाल तू."

मी निघाले, अन् दारातनं अण्णा आत! मी आत असते म्हणून इतके दिवस ते शेडाकडं फिरकले नव्हते. साहेबांना भेटायचं म्हणून आले. मला बघितलं, अन् झटक्यात पडद्याकडं तोंड केलं.

माझा हात आपसूक डोक्यावर गेला. तिथं कुठला पदर? पण बोटांनी चिमूट धरली, कपाळापर्यंत ओढली, अन् मी अंग चोरून पाठ केली. पडद्यावर ठिपक्यांनीबी तसंच केलं.

साहेब उठून उभे राहिले. "हेच! शेड आम्ही ठेवतोय, चेअरमन. सारिका, तू इथेच राहून काम बघ."

मी वळून बघितलं. अण्णांनी आता पडद्याकडंबी पाठ केली होती. भिंतीकडं बघतच बोलले, "ठेवा की शेड. पण आधी त्या पडद्यावर एक चादर टाका!"